फ्री जॅझ पुस्तकातून नाही, ब्लूजमधून आलंय

फ्री जॅझ सुरू करणाऱ्यांमधला सॅक्सोफोनवाला ऑर्नेट कोलमन, त्याला मार पडला होता, इथूनच सुरुवात करतो. कारण फ्री जॅझ, म्हणजे जॅझची ठरलेली चौकट सोडून वाजवलेलं जॅझ, म्हटलं की लोक डायरेक्ट न्यूयॉर्क, चित्रकार, कवी, सिगारेटचा धूर असं सगळं डोळ्यासमोर आणतात आणि मग ठरवूनच टाकतात की हे जास्त शिकलेल्या लोकांनी मुद्दाम अवघड करून ठेवलेलं काहीतरी आहे. तसं नाहीये. १९४९ ची गोष्ट, लुइझियानातलं बॅटन रूज, डान्स हॉलमध्ये रिदम अँड ब्लूजचा, म्हणजे काळ्यांच्या ब्लूज गाण्यांवरून आलेल्या नाचाच्या संगीताचा, प्रोग्राम चालू, १९ वर्षांचा ऑर्नेट टेनर सॅक्सोफोन वाजवतोय, लोक नाचताहेत, आणि सोलो घेता घेता हा मनात आलं ते वाजवायला लागला. नाच बिघडला. नंतर त्याला बाहेर बोलावलं आणि काही जणांनी मिळून बेदम मारलं, सॅक्सोफोनची पण पार वाट लावली.

म्हणजे हे संगीत क्लबात टेबलावर बसून ऐकायच्या आधी नाचाच्या हॉलमध्ये वाजलंय, दिवसभर राबून आलेल्या लोकांसमोर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

ऑर्नेटचा जन्म १९३० चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. वडील लहानपणीच गेले, आई शिवणकाम करायची. शिकवायला कोणी नाही, पोराने सॅक्सोफोन मिळवला आणि पुस्तकात बघून स्वतःच बोटं बसवली. शाळा आय. एम. टेरेल हायस्कूल, तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, ही काळ्या मुलांची. आणि याच एका शाळेतून किंग कर्टिस निघाला, ड्यूई रेडमन निघाला, प्रिन्स लाशा निघाला, सगळे सॅक्सोफोनवाले! टेक्सासच्या सॅक्सोफोनचा एक आवाजच वेगळा आहे, जाड, ओरडणारा, मुद्दाम फाटू दिलेला, कारण हॉल मोठा, गर्दी मोठी आणि माइक एखादाच.

आणि त्याच्याही मागे टेक्सासचे ते गिटार घेऊन एकटे गाणारे ब्लूजवाले आहेत. लायटनिन हॉपकिन्स ऐका कधीतरी. ब्लूज १२ बारचा (बार म्हणजे ठरलेल्या मात्रांचा एक तुकडा) असतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण हा माणूस १२ बार मोजत बसतच नाही, ओळ लांबली तर साडेतेरा होतात, सांगायचं लवकर संपलं तर साडेअकरा, गिटार त्याच्या बोलण्याच्या मागे जाते. सोबत वाजवणाऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि तो वळला की वळायचं. हे डोक्यात ठेवा, कारण पुढे ऑर्नेटने जे केलं ते नेमकं हेच आहे, फक्त चार जणांनी मिळून.

आता त्या काळचं जॅझ कसं चालायचं ते थोडक्यात. १९४० च्या दशकात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी या लोकांनी बीबॉप आणलं. एक धून असते, बऱ्याचदा ३२ बारची, तिच्याखाली कॉर्डची (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही सूर) एक साखळी असते, आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण सोलो घेतो आणि त्या वेळी खाली तीच साखळी परत परत फिरत राहते. सोलो घेणाऱ्याला प्रत्येक क्षणी माहीत पाहिजे की आपण साखळीत नेमके कुठे आहोत, आणि कॉर्ड बदलला की त्याचे सूर त्याच सेकंदाला बदलले पाहिजेत, तेही भयानक स्पीडला. पार्कर यात राजा होता, त्याच्याबद्दल काही म्हणायचंच नाही. पण दहा-पंधरा वर्षांनी त्या साखळीचाच व्यायाम होऊन बसला.

आणि मग १९५९. हे वर्ष मला राहून राहून थक्क करतं. मार्च आणि एप्रिलमध्ये ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने 'काइंड ऑफ ब्लू' रेकॉर्ड केला, त्याने कॉर्ड कमी करून टाकले, एकाच सुरावलीवर बराच वेळ थांबायचं. मे महिन्याच्या सुरुवातीला सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' रेकॉर्ड केलं, तिथे उलट, कॉर्ड इतके भराभर बदलतात की टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवाला सोलोत अडखळलेला स्पष्ट ऐकू येतो. आणि त्याच मे महिन्यात, २२ तारखेला, हॉलिवूडमध्ये, कोल्ट्रेनच्याच अटलांटिक कंपनीसाठी ऑर्नेटने 'द शेप ऑफ जॅझ टू कम' रेकॉर्ड केला आणि त्यात पियानोच नाही. साखळी लांबवायची की आखडायची हा वाद इकडे चालू होता आणि याने ती सोडूनच दिली.

मधली दहा वर्षं त्याने कशी काढली असतील! पी वी क्रेटनच्या ब्लूज बँडसोबत लॉस एंजेलिसला आला, तिथे एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये लिफ्टमन म्हणून नोकरी केली, फावल्या वेळात थिअरीची पुस्तकं वाचायची. रात्री जॅम सेशनला गेला की बाकीचे वैतागायचे, स्टेजवरून उतर म्हणायचे. धातूचा चांगला सॅक्सोफोन परवडेना म्हणून इंग्लंडमध्ये बनलेला ग्राफ्टन कंपनीचा प्लास्टिकचा पांढरा आल्टो सॅक्सोफोन घेतला, लोकांना ते खेळणं वाटायचं, पण त्याच्यातून जो कोरडा, माणसाच्या गळ्याच्या जवळचा आवाज निघतो तो ऑर्नेटला एवढा आवडला की नंतरही तो बरीच वर्षं तेच वापरत राहिला.

'लोनली वुमन' हा 'द शेप ऑफ जॅझ टू कम'मधला पहिला तुकडा. पाचेक मिनिटांचा. मी तो कितीदा ऐकलाय याचा हिशोब नाही. आधी चार्ली हेडनचा बास (उभं ठेवून वाजवायचं मोठं तारवाद्य), दोन तारा एकदम छेडतोय, तंबोऱ्यासारखा घुमतोय. बिली हिगिन्सची झांज मात्र सुसाट पळतेय. आणि त्या पळणाऱ्या झांजेच्या वर ऑर्नेट आणि कॉर्नेटवाला (ट्रम्पेटचाच छोटा भाऊ) डॉन चेरी येतात ते एकदम सावकाश, रेंगाळत, खालच्या लयीशी आपलं काही देणंघेणं नाही अशा चालीने. दोघं एकच धून वाजवतात पण अगदी एकत्र नाही, केसभर पुढेमागे, सूरही केसभर वरखाली. सोलो चालू असताना मागून डॉन चेरी मध्येच एखादी हाक मारून जातो. ऑर्नेटने सांगितलंय की दुकानात कामाला असताना जेवणाच्या सुट्टीत त्याने एका गॅलरीत एका श्रीमंत गोऱ्या बाईचं चित्र बघितलं, सगळं काही असलेली आणि चेहऱ्यावर भयंकर एकटेपण असलेली, त्यावरून हे सुचलं.

आता आबांचं सांगतो. आबा आमच्या गल्लीत राहतात, इथे धुळ्यात, आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं, आता दम पुरत नाही म्हणून सोडलंय. मे महिन्यात संध्याकाळी घरात बसवत नाही, सगळे गच्चीवर असतात, मी ब्लूटूथ स्पीकरवर हेच लावलं होतं आणि आबा शेजारच्या गच्चीवरून कठड्याला टेकून ऐकत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हाऊ वाजाडी राह्यना का रडी राह्यना रे भो?"

मी म्हटलं, "दोन्ही, आबा."

परत थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "यामा कॅसिओ नही शे का?"

मी अक्षरशः उडालो. जॅझ हा शब्द पण न ऐकलेल्या माणसाने पाच मिनिटांत ओळखलं की इथे कॉर्ड धरणारं वाद्य नाही! मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच पुस्तकात इतकं साफ मिळालं नव्हतं. म्हणाले, आधी बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, ताशा एवढंच असायचं, तेव्हा सूर थोडा चढवून लावायचा, नवरी निघाली की थोडा पाडून लावायचा, हे आमच्या हातात होतं, सगळे क्लॅरिनेटकडे कान देऊन चालायचे. मग गाडीवर कॅसिओ आला. "कॅसिओ उना आन आमनी फूक बांधाई गयी. कॅसिओ हालत नही, मंग आमलेच हालनं पडस." म्हणजे तो जागचा हलत नाही, सूर मिळवायचा तर आम्हालाच सरकावं लागतं.

ऑर्नेटने पियानो का काढला याचं याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. पियानो दोन गोष्टी पक्क्या करून टाकतो, एक म्हणजे सुराची जागा आणि दुसरं म्हणजे आता कुठला कॉर्ड चालू आहे ते. दोन्ही गेल्या की सूर गळ्यासारखा वाकवता येतो, आणि धून जिकडे जाईल तिकडे बासवाल्याला तिच्या मागे जाता येतं. पण मग जबाबदारी वाढते! खाली साखळी फिरत असते तेव्हा शेजारच्याकडे लक्ष नसलं तरी चालून जातं, सगळे एकाच ठिकाणी पोचणारच असतात. साखळी काढली की चौघांना सतत एकमेकांचं ऐकावंच लागतं, एक क्षण कान हटला तर सगळं कोसळतं. फ्री म्हणजे वाट्टेल ते वाजवा असं ज्यांना वाटतं त्यांनी फक्त हेडनचा बास पकडून अख्खा अल्बम एकदा ऐकावा. आयोवाचा गोरा पोरगा, लहानपणी घरच्यांसोबत रेडिओवर कंट्री गाणी गायचा, आणि ऑर्नेट कुठेही वळला तरी हा तिथे हजर.

(आबा लग्नात तासनतास वाजवायचे आणि पंगतीत बसायचे सगळ्यात शेवटी. हे ते सहज बोलून गेले, पण माझ्या डोक्यातून जात नाही.)

१७ नोव्हेंबर १९५९ ला हे चौघं न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट कॅफेत वाजवायला लागले. ठरलं होतं दोन आठवड्यांचं, चाललं अडीच महिने. अख्खं शहर ऐकायला आलं, लेनर्ड बर्नस्टीनसारखा सिम्फनीचा माणूस खूश झाला, आणि जॅझमधले भलेभले म्हणाले की याला वाजवता येत नाही, हा फसवतोय. भांडणं झाली. वर्षभराने, २१ डिसेंबर १९६० ला, त्याने 'फ्री जॅझ' नावाचाच अल्बम रेकॉर्ड केला. यात दोन क्वार्टेट, म्हणजे चार-चार जणांचे दोन बँड, एकदम आहेत. डाव्या स्पीकरमध्ये ऑर्नेट, डॉन चेरी, स्कॉट लाफारो, बिली हिगिन्स. उजव्यात एरिक डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, चार्ली हेडन, एड ब्लॅकवेल. साधारण ३७ मिनिटं सलग, कव्हरवर जॅक्सन पोलॉकचं चित्र. डाउनबीट मासिकाने याची दोन परीक्षणं छापली, एकाने पाच तारे दिले आणि दुसऱ्याने शून्य. एकच रेकॉर्ड!

हा अल्बम म्हणजे नुसता गोंधळ अशी समजूत आहे, पण नीट ऐकलं तर आत आधी ठरवलेल्या छोट्या छोट्या जागा आहेत जिथे सगळे एकदम येतात, त्यातून एक जण पुढे निघतो, आणि बाकीचे गप्प न बसता त्याच्याशी बोलत राहतात, टोकतात, दुजोरा देतात. शेवटी तर दोन्ही बासवाले आणि मग दोन्ही ड्रमवाले आपापसात बोलतात, लाफारो वरच्या पट्टीत नाचतोय आणि हेडन खाली जमिनीला धरून. लाफारो पुढच्याच जुलैमध्ये अपघातात गेला, २५ वर्षांचा होता.

सगळ्यांनी एकदम वाजवायचं हे तसं नवीन पण नाहीये. १९१० च्या आसपासच्या न्यू ऑर्लिन्समध्ये कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन तिघं एकदम आपापलं वाजवायचे, मिरवणुकीत, अंत्ययात्रेत, रस्त्यावर. तिथला लुई आर्मस्ट्राँग एवढा मोठा निघाला की १९२५ नंतर जॅझ म्हणजे एकाने पुढे येऊन सोलो घ्यायचा असं होत गेलं. फ्री जॅझवाल्यांनी ती जुनी सवय परत आणली. ज्यांना हे परंपरा मोडणारं वाटलं त्यांची परंपरा फार तर ३५ वर्षांची होती, असं मला वाटतं.

सॅक्सोफोनवाल्या अल्बर्ट आयलरमध्ये हे सगळ्यात जास्त दिसतं. क्लीव्हलंडचा, १९३६ चा जन्म, चर्चमध्ये वाढलेला, ब्लूज बँडमध्ये वाजवलेलं, नंतर फ्रान्समध्ये असताना अमेरिकन आर्मीच्या बँडमध्ये. १० जुलै १९६४ ला त्याने बासवाला गॅरी पीकॉक आणि ड्रमवाला सनी मरे यांच्यासोबत 'स्पिरिच्युअल युनिटी' रेकॉर्ड केला, त्यातलं 'घोस्ट्स' ऐका. धून इतकी साधी की पहिलीतलं पोरगं गुणगुणेल. आणि मग तीच धून तो फोडतो, सॅक्सोफोन किंचाळतो, घोगरा होतो, सूर उरतच नाही, फक्त अंगात आलेल्या माणसाचा आवाज उरतो, आणि परत तीच साधी धून. सनी मरेच्या ड्रममध्ये ठोका मोजताच येत नाही, लाटा येताहेत नुसत्या. काळ्यांच्या चर्चमध्ये लोक बेभान होऊन जे ओरडतात ते इथे आहे. आयलर १९७० मध्ये, ३४ वर्षांचा असताना, न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये मृत सापडला.

पियानोवाल्या सेसिल टेलरचं मात्र वेगळं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तो कॉन्झर्वेटरीत, म्हणजे संगीताच्या कॉलेजात, शिकलेला, युरोपियन संगीत कोळून प्यायलेला, आणि त्याचा 'जॅझ अॅडव्हान्स' १९५६ चा, म्हणजे ऑर्नेटच्या पहिल्या अल्बमच्या आधीचा. त्याहीआधी, १९४९ मध्ये, लेनी ट्रिस्टानोने काही न ठरवता वाजवलेले दोन तुकडे रेकॉर्ड केले होते, तेही डोक्याने चालणारे लोक. म्हणजे पुस्तकाच्या वाटेने आलेले होतेच. पण टेलर पियानोवर बोटं आपटतो, त्याला ढोलासारखं वाजवतो, ड्यूक एलिंग्टन आणि थेलोनियस मंक हे आधीचे जॅझ पियानोवाले त्याच्यात ठासून भरलेत, आणि एवढं शिकून भांडी घासायचं काम करायची पाळी आली ती आलीच. क्लबवाल्यांना त्याचं डिग्री सर्टिफिकेट नको होतं.

आता राजकारण. १९६० च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि उठले नाहीत. त्याच वर्षी ड्रमवाल्या मॅक्स रोचचा 'वी इन्सिस्ट!' हा अल्बम आला. सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या, त्यावर कोल्ट्रेनने 'अलाबामा' केलं. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये बिल डिक्सनने न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेत फ्री जॅझवाल्यांचा मेळावाच भरवला, १९६५ मध्ये शिकागोत म्युहाल रिचर्ड अब्राम्स वगैरे मंडळींनी एएसीएम ही काळ्या संगीतकारांची संघटना काढली, स्वतःचे कार्यक्रम स्वतः करायचे, स्वतःचं नवं संगीत वाजवायचं, वस्तीतल्या पोरांना शिकवायचं. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे आणि ते वेगळं काढूच नये. फक्त या संगीताला निव्वळ राग, निव्वळ निषेध म्हणून ऐकू नका एवढंच म्हणणं आहे. 'लोनली वुमन'मध्ये राग कुठाय? 'घोस्ट्स'मध्ये तर सरळ आनंद आहे.

आपल्याकडे काही जण म्हणतात की हे म्हणजे आपल्या रागासारखंच, आयत्या वेळी सुचेल ते. मला पटत नाही. रागात सा ठरलेला असतो, तंबोरा तो हलू देत नाही, आणि त्या बंधनातूनच सगळं फुलतं. ऑर्नेटचा सा तर एका ओळीत तीनदा सरकतो. कोल्ट्रेनला मात्र आपल्या संगीताची मनापासून ओढ होती, १९६१ मध्ये त्याने 'इंडिया' नावाचा तुकडा वाजवला, रविशंकरांना भेटला, १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. डॉन चेरीने पण पुढे उस्ताद लतीफ अहमद खाँच्या तबल्यासोबत अल्बम केला. हे नातं खरं आहे, सारखेपणा नाही.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी कोल्ट्रेनच्या 'असेन्शन'पासून सुरुवात करू नका प्लीज, २८ जून १९६५ ला ११ जणांनी वाजवलेला तो प्रचंड लोंढा आहे आणि तयारी नसेल तर माणूस पाच मिनिटांत पळून जातो. आधी 'लोनली वुमन', मग 'घोस्ट्स', मग हेडफोन लावून 'फ्री जॅझ', आधी फक्त डावा कान, मग फक्त उजवा, मग दोन्ही.

आणि त्यानंतर एक विचित्र रेकॉर्ड आहे, १९६६ चा, 'द एम्प्टी फॉक्सहोल'. ऑर्नेटने ड्रमवर आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, डेनार्डोला बसवलं. लोक भयंकर चिडले, ही चेष्टा आहे म्हणाले. मी तो बऱ्याच वेळा ऐकलाय, सगळा जमलाय असं नाही म्हणणार, पण हेडनकडे लक्ष द्या, तो त्या पोराला सांभाळून घेत नाही, कुठेही झाकून घेत नाही, हिगिन्सचं जेवढं मन लावून ऐकायचा तेवढंच या पोराचं ऐकतो आणि त्याच्या ठोक्याला उत्तर देतो. डेनार्डो नंतर वडिलांसोबतच वाजवत राहिला. २००७ मध्ये ऑर्नेटला 'साउंड ग्रामर'साठी पुलित्झर मिळालं, त्या रेकॉर्डवर दोन बास आहेत, पियानो नाही, आणि ड्रमवर डेनार्डो आहे.